नकाशाचें काम आणि लॅपटॉपची पारख

नाशिकच्या सातपूर व अंबड ह्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या कारखान्याच्या आरेखन-खोलींत आज डोकावून पाहिलें, तर एके काळचा तेथील सरंजाम आतां दिसत नाहीं. तिरका फळा, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, सुईसारख्या टोंकाच्या पेन्सिली, ट्रेसिंगचा अर्धपारदर्शक कागद, आणि छाप काढल्यावर खोलीभर पसरणारा अमोनियाचा उग्र वास, हें सारें गेलें. त्याच्या जागीं टेबलावर एखादा पडदा, एक माऊस आणि पुस्तकासारखी मिटणारी एक काळपट पेटी एवढेंच उरलें आहे. ओझर येथें १९६४ सालीं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, तेव्हां मिग विमानाचा प्रत्येक भाग कागदावर रेखलेला असे. त्याच ओझरहून १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं जें तेजस मार्क-१ए विमान आकाशांत झेपावलें, त्याचा आराखडा मात्र आधीं संगणकाच्या पोटांत घन आकार घेऊन मगच धातूंत उतरला होता.

रेषा ओढण्याचें काम यंत्राकडून करवून घेण्याची कल्पना फार जुनी नाहीं. १९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत आयव्हन सदरलंड ह्या तरुण संशोधकानें ‘स्केचपॅड’ नांवाची रचना सिद्ध केली. प्रकाशाची लेखणी कांचेच्या पडद्यावर टेकवावी आणि रेषा उमटावी, दोन रेषा समांतर ठेवण्याची आज्ञा द्यावी आणि यंत्रानें ती पाळावी, असें तें कौतुक होतें. पण त्यासाठीं लागणारा संगणक खोलीभर पसरलेला होता. १९८२ च्या डिसेंबरांत ‘ऑटोकॅड’ बाजारांत आलें आणि हें काम टेबलावरच्या संगणकावर होऊं लागलें. १९९५ सालीं ‘सॉलिडवर्क्स’ आलें आणि सपाट नकाशाऐवजीं घन वस्तूच पडद्यावर घडविण्याची विद्या लहान कारखानदाराच्या आवांक्यांत आली. तो खोलीभर संगणक आज मांडीवर मावतो. मात्र तो मांडींत मावल्यामुळें कांहीं नव्या अडचणी उभ्या राहिल्या आहेत, आणि खरेदी करणाऱ्याला नेमक्या त्याच कोणी सांगत नाहीं.

पूर्वीं ड्राफ्ट्समन नोकरीला लागे तेव्हां फळा मालकाचा असे. त्याच्याजवळ एक चांगली कंपासपेटी असली कीं पुरे होई. आज तंत्रनिकेतनांत शिकणाऱ्या मुलाला शिकत असतांनाच लॅपटॉप लागतो, आणि नोकरी न धरतां ठेक्यानें डिझाइनचें काम करणाऱ्या तरुणाचें तर तेंच सारें भांडवल. निफाडचा बागाईतदार द्राक्षांच्या छाटणीसाठीं राखलेल्या पैशांतून मुलाला लॅपटॉप घेऊन देतो, सिन्नरचा कामगार पतपेढीचें कर्ज उचलतो, आणि अंबडमधील लहानसा टूलरूमवाला एखाद्या साच्याची आगाऊ आलेली रक्कम ह्या पेटींत घालतो. पाऊण लाखापासून दीड-दोन लाखांपर्यंत जाणारी ही खरेदी चुकली, तर ती चार-पांच वर्षें उरावर बसते. दुकानांत मात्र तिचें वर्णन तीन शब्दांत आटोपलेलें असतें: ‘आय-सेव्हन, सोळा जीबी, ग्राफिक्स कार्ड’. ह्या तीन शब्दांनीं यंत्राविषयीं जवळजवळ कांहींच कळत नाहीं.

पहिला विचार करावयाचा तो लॅपटॉप हवाच आहे काय, ह्याचा. जें यंत्र टेबलावरून कधींच हलणार नाहीं, तें लॅपटॉप असूं नये. सारख्याच पैशांत टेबलावरचा संगणक अधिक वेगवान मिळतो, थंड राहतो, त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो, आणि तीन वर्षांनीं त्यांत नवें ग्राफिक्स कार्ड बसवितां येतें. लॅपटॉपचें खरें प्रयोजन हिंडण्यांत आहे. साच्याचा आराखडा घेऊन चाकणला ग्राहकापुढें बसावें लागतें, मशिनपाशीं उभें राहून कटरची वाट दुरुस्त करावी लागते, वास्तुविशारदाला गंगापूर रस्त्यावरच्या अर्धवट इमारतींत स्लॅबवर उभ्या उभ्या जिन्याची मापें पुन्हां पाहावीं लागतात, वसतिगृहांतल्या विद्यार्थ्याला सुटींत तें यंत्र घरीं न्यावें लागतें. असें हिंडणें ज्याच्या नशिबीं आहे त्यानेंच लॅपटॉप घ्यावा. इतरांनीं केवळ दिसायला सुबक म्हणून घेऊं नये.

दुसरा प्रश्न कामाचा. ‘कॅड’ हा एक शब्द असला तरी त्याच्या पोटांत परस्परांहून फार निराळीं कामें आहेत. घरबांधणीचा सपाट नकाशा काढणें हें ऑटोकॅडचें काम साध्या यंत्रावरहि सुखानें चालतें. महाराष्ट्रांत २०२० च्या डिसेंबरांत एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्या चौकटींत बसणारे नकाशे काढणाऱ्या नाशिकच्या आरेखकाला महागड्या ग्राफिक्स कार्डाची मुळींच गरज नाहीं. इलेक्ट्रिकल स्विचगिअर हा नाशिकचा जुना धंदा. त्यांतील पॅनेलच्या पेटाऱ्यांत शेंकडों पत्रे, बिजागऱ्या, तांब्याच्या पट्ट्या आणि बोल्ट एकत्र जुळवावे लागतात. तेथें भागांची संख्या हा खरा भार असतो. मोटारीच्या प्लॅस्टिक भागाचा साचा करणाऱ्याकडे भाग थोडे, पण पृष्ठभाग वळणावळणाचे व नाजूक. तेथें भार गणिताचा. आणि एखाद्या कंसाला किती जोर सोसेल, तो कोठें तुटेल, हें संगणकावरच तपासणाऱ्याचा भार तर आणखी तिसऱ्याच प्रकारचा. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं कागदावर दोन ओळी लिहून घ्याव्या: कोणतें सॉफ्टवेअर वापरणार, आणि आजवर हातून झालेलें सर्वांत मोठें काम कोणतें. ह्या दोन ओळी ज्याच्या खिशांत आहेत, त्याला दुकानदार सहसा फसवूं शकत नाहीं.

आतां यंत्राच्या आंत पाहूं. घन आकृति घडविणारें सॉफ्टवेअर प्रत्येक कृति क्रमानें लक्षांत ठेवतें. आधीं पाया, त्यावर उंचवटा, उंचवट्यांत भोंक, भोंकाला आटे, शेवटीं कडांना गोलाई. पायाचें एक माप बदललें कीं तेथून पुढच्या साऱ्या कृति त्याच क्रमानें पुन्हां कराव्या लागतात, कारण भोंक कोठें पडणार हें उंचवटा ठरल्याशिवाय ठरत नाहीं. पुरणपोळीचा स्वयंपाक असाच असतो. डाळ शिजल्याशिवाय पुरण वाटतां येत नाहीं, आणि पुरण झाल्याशिवाय पोळी लाटतां येत नाहीं. स्वयंपाकघरांत दहा जणी उभ्या केल्या तरी डाळ काहीं लवकर शिजत नाहीं. संगणकाच्या प्रोसेसरमध्यें हल्लीं आठ, बारा, सोळा ‘कोअर’ म्हणजे स्वतंत्र हात असतात. परंतु आकृति पुन्हां घडवितांना त्यांपैकीं बहुधा एकच हात राबतो आणि बाकीचे पाहत उभे असतात. त्यामुळें अशा कामासाठीं हातांची संख्या मोजण्यापेक्षां एकटा हात किती वेगानें चालतो, हें पाहणें अधिक शहाणपणाचें. उलट तयार वस्तूचें छायाचित्रासारखें चित्र काढणें, कटरची वाट मोजणें, किंवा ताण-दाबाचें गणित सोडविणें, हीं कामें पापड लाटण्यासारखीं आहेत. दहा पोळपाट मांडले तर तीं खरोखरच लवकर उरकतात. ज्याच्या धंद्यांत हीं कामें रोजचीं आहेत, त्यानेंच अधिक कोअरसाठीं अधिक पैसे मोजावे.

प्रोसेसरच्या नांवापुढचें अक्षर हें नांवापेक्षां महत्त्वाचें. इंटेलच्या अलीकडच्या अनेक पिढ्यांत ‘यू’ अक्षराचे प्रोसेसर सुमारें १५ वॅट, ‘एच’ अक्षराचे ४५ वॅट आणि ‘एचएक्स’ अक्षराचे ५५ वॅट पायाभूत वीजमानावर बेतलेले आहेत. ‘आय-सेव्हन’ हें पद तिघांच्याहि मागें लागूं शकतें. पातळ, दिमाखदार लॅपटॉपांत बहुधा ‘यू’ प्रकारचा प्रोसेसर असतो. पत्रव्यवहार व हिशेब ह्यांना तो उत्तम, क्षणभर तो वेगानेंहि धांवतो, पण डिझाइनचें सलग काम लावलें कीं त्याला धाप लागते. डिझाइनच्या कामाला ‘एच’ किंवा त्याच्या तोडीचा ए.एम.डी. प्रोसेसर हा किमान पायरी समजावा.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतींत जितका गोंधळ आहे तितका दुसऱ्या कशांतहि नाहीं, म्हणून तेथें थोडें थांबणें अवश्य आहे. हें कार्ड आकृति घडवीत नाहीं. घडलेली आकृति पडद्यावर रंगवून, फिरवून दाखविणें एवढेंच त्याचें मुख्य काम. अर्थात् माप बदलल्यावर यंत्र अडून राहत असेल, तर दोष प्रोसेसरचा. आणि तयार जुळणी माऊसनें फिरवितांना चित्र धक्के खात असेल, तर दोष बहुधा कार्डाचा. पुष्कळ लोक पहिल्या दुखण्यावर दुसरें औषध घेतात आणि तीस-चाळीस हजार रुपये वाया घालवितात.

ह्या कार्डांच्या दोन जाती आहेत. एक खेळांसाठीं बनविलेली, उदाहरणार्थ एनव्हिडियाची ‘जीफोर्स’. दुसरी धंद्याच्या कामासाठीं बनविलेली, जिला पूर्वीं ‘क्वाड्रो’ म्हणत आणि अलीकडे ‘आरटीएक्स’ ह्या नांवाखालींच निराळीं अक्षरें वा ‘प्रो’ हा शब्द लावून विकतात. दोन्हींच्या आंतला दगड पुष्कळदां एकच असतो; फरक पडतो तो ड्रायव्हर नांवाच्या आज्ञावलींत आणि सॉफ्टवेअर-कंपनीनें दिलेल्या प्रमाणपत्रांत. सॉलिडवर्क्स हें ‘ओपनजीएल’ ह्या पद्धतीनें चित्र काढतें आणि आपल्या प्रमाणित कार्डांची यादी प्रसिद्ध करतें. यादीबाहेरच्या कार्डावर तें चालत नाहीं असें नव्हे, पण कांहीं सोयी मिळत नाहींत, आणि कधीं कडा नाहींशा होणें किंवा चित्र फाटणें असे प्रकार घडल्यास तक्रारीला जागा राहत नाहीं. उलट ऑटोकॅड, इन्व्हेंटर आणि रेव्हिट हीं सॉफ्टवेअरें ‘डायरेक्टएक्स’ ह्या, म्हणजे खेळांच्याच, पद्धतीनें चित्र काढतात. त्यांना जीफोर्स कार्ड उत्तम मानवतें. म्हणून रेव्हिटवर काम करणाऱ्या वास्तुविशारदानें केवळ ‘वर्कस्टेशन’ ह्या भारदस्त शब्दासाठीं जादा पैसे देण्याचें कारण नाहीं. सॉलिडवर्क्स किंवा कॅटियावर मोटार-कंपनीचें काम घेणाऱ्यानें मात्र तो शब्द हंसण्यावारी नेऊं नये. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें खेळांसाठीं बनविलेला मध्यम किमतीचा लॅपटॉप हाच बहुधा रास्त सौदा ठरतो, मग वडिलांना त्याच्या कळफलकांतून निघणारे लाल-हिरवे दिवे पाहून कितीहि शंका येवोत.

ह्यापुढची गोष्ट अधिक सावधपणें ऐकण्यासारखी आहे. लॅपटॉपांतल्या कार्डाचें नांव टेबलावरच्या कार्डासारखेंच असलें, तरी वस्तु तीच नसते. ‘आरटीएक्स ४०९०’ हें टेबलावरचें कार्ड २४ जीबी स्मृतीचें आणि ४५० वॅटचें. त्याच नांवाचें लॅपटॉपमधलें कार्ड १६ जीबी स्मृतीचें, पुष्कळ कमी वॅटचें आणि आंतून निराळ्याच, धाकट्या चिपचें. एवढेंच नव्हे, तर लॅपटॉपमधलें ‘आरटीएक्स ४०६०’ हें कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याहि वीजमानावर बसविण्याची मुभा निर्मात्यानें लॅपटॉप-कंपन्यांना दिलेली आहे. दोन शेजारशेजारच्या पेट्यांवर तीच चिठ्ठी, आणि आंत एक बैल सहा घास खातो, दुसरा दोन! म्हणून कार्डाचें नांव विचारून थांबूं नये, ‘किती वॅट?’ असें विचारावें. दुकानदाराला तें ठाऊक नसेल तर कंपनीच्या तपशिलाच्या पानावर तो आंकडा बहुधा सांपडतो, आणि ज्या कंपनीनें तो लपविला आहे तिच्या मालाविषयीं थोडा संशय बाळगणें योग्यच.

रॅम म्हणजे कामाची मांडणी करण्याचा ओटा. ऑटोकॅडचे कर्ते आपल्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठीं ८ जीबी ही किमान व ३२ जीबी ही शिफारस सांगतात. सॉलिडवर्क्सचे कर्ते १६ जीबी वा अधिक म्हणतात. ओटा पुरला नाहीं तर संगणक सामान साठवणींत हलवतो, आणि एक बोल्ट उचलायला अर्धा मिनिट लागूं लागतो. आज घेतांना १६ जीबी घ्यावी, ती पुढें ३२ करतां येईल अशी खात्री मात्र करून घ्यावी. कारण पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मूळ पाटीवर डाख देऊन कायमची जोडलेली असते. घेतली तेवढीच जन्मभर. जेथें दोन खांचा असतात तेथें १६ ची एक पट्टी घालण्यापेक्षां आठआठच्या दोन पट्ट्यांनीं यंत्र अधिक चपळ चालतें, पण मग पुढें वाढवितांना त्या दोन्ही काढाव्या लागतात. ज्याचें काम लवकरच वाढणार आहे त्यानें हा हिशेब आधींच करावा. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभारलेल्या प्रचंड संगणकगृहांनीं स्मृतीच्या चिपा ओढून घेतल्यामुळें रॅमच्या किमती जगभर भडकल्या. तेव्हां ‘पुढें स्वस्तांत वाढवूं’ हा जुना ठोकताळा आतां बेभरंवशाचा झाला आहे. साठवणीविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं: ती एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असावी, शक्य तर १ टीबी असावी, आणि ग्राहकांच्या फाइलींची दुसरी प्रत त्याच पेटींत ठेवणें ही प्रत ठेवणें नव्हे.

पडदा, कळफलक आणि माऊस हे विषय लोक फार हलक्यानें घेतात, वस्तुतः डोळे आणि मनगट दिवसाचे दहा तास तेथेंच झिजतात. चौदा इंची पडद्यावर सॉलिडवर्क्सची डावीकडची यादी आणि वरच्या पट्ट्या उघडल्या कीं मधें आकृतीसाठीं हातरुमालाएवढी जागा उरते. पंधरा-सोळा इंचांचा, चकाकी नसलेला पडदा घ्यावा. त्यांतहि उंचीला थोडा अधिक, म्हणजे १९२० गुणिले १२०० बिंदूंचा, असल्यास बरें. ‘फोर-के’चा मोह आवरावा, जुन्या आवृत्त्यांत त्या पडद्यावर बटणें मोहरीएवढीं दिसतात. रंगांचा खरेपणा वास्तुविशारदाला आणि अंतर्गत सजावट करणाऱ्याला लागतो. साचा बनविणाऱ्याला पोलाद करड्या रंगाच्या कोणत्या छटेंत दिसतें ह्याच्याशीं कर्तव्य नाहीं. घरीं वा कचेरींत बसून काम करतांना चोवीस-सत्तावीस इंचांचा एक निराळा पडदा जोडावा. त्या खर्चाइतकें सुख दुसऱ्या कोणत्याहि खर्चांत नाहीं. कळफलकाला उजवीकडे अंकांचा स्वतंत्र गट हवा, कारण आरेखक अक्षरांपेक्षां आंकडे अधिक लिहितो. आणि पांचसातशें रुपयांचा, मधलें चाक नीट दाबलें जाणारा माऊस आरंभींच घ्यावा. आकृति सरकविणें, फिरविणें आणि जवळ-दूर करणें हा सारा व्यवहार त्या चाकावर चालतो, आणि बोटानें घासण्याच्या पाटीवर तो करूं जाणें म्हणजे हातमोजे घालून रांगोळी काढणें होय.

परंतु नाशिकपुरता सर्वांत मोठा शत्रु उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत येथें पारा चाळीस अंशांच्या घरांत जातो, आणि पत्र्याच्या छपराखालीं तो त्याहूनहि वर असतो. लॅपटॉपच्या बोटभर जाडीच्या पेटींत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून शंभराच्या वर वॅट उष्णता टाकतात, आणि ती बाहेर काढायला दोन चिमुकले पंखे. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोंचला कीं स्वसंरक्षणासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. दुकानांतल्या वातानुकूलित हवेंत पांच मिनिटांच्या दर्शनांत जें यंत्र हरणासारखें पळालें, तेंच अंबडच्या शेडमध्यें दुपारीं तीन वाजतां रेड्यासारखें चालूं लागतें, आणि मालकाला वाटतें कीं सॉफ्टवेअर बिघडलें. जाड, जड, मागच्या बाजूला रुंद झरोके असलेली पेटी ह्या कामाला अधिक चांगली. ती मांडीवर, गादीवर किंवा टेबलक्लॉथवर ठेवूं नये. खालून हवा आंत जाते, तो मार्गच त्यानें बंद होतो. कारखान्यांत तर ग्राइंडिंगची बारीक लोखंडी भुकटी आणि कूलंटची तेलकट वाफ हवेंत असते. ही साधी धूळ नव्हे. लोखंडी भुकटी वीज वाहून नेते, आणि ती पंख्यानें आंत ओढली गेली तर पाटीवर कोठें जाऊन बसेल ह्याचा नेम नाहीं. मशिनपाशीं लॅपटॉप न्यावा, काम करावें आणि परत खोलींत आणावा. तेथेंच त्याचा मुक्काम असूं नये. वर्षांतून एकदां, शक्य तर उन्हाळ्यापूर्वीं, पंखे उघडून साफ करून घ्यावे.

बॅटरीविषयींच्या जाहिराती डिझाइनरासाठीं लिहिलेल्या नसतात. ८० वॅट-तासांची बॅटरी शंभर वॅट खाणाऱ्या कामाला पाऊण तासांतच संपेल. म्हणून विजेचा पुरवठा सुटला कीं बहुतेक लॅपटॉप आपला वेग मुद्दाम उतरवितात. वीज गेल्यावर फाइल सांभाळून ठेवण्यापुरती ती पुरते, हाच तिचा उपयोग समजावा. जड यंत्राचा भला थोरला अडॅप्टरहि बरोबर न्यावा लागतो. मोबाइलच्या चार्जरनें त्याचें भागत नाहीं.

कारखान्यांतल्या माणसाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी कोणत्याहि जाहिरातींत नसते. सातपूर-अंबडमध्यें आजहि चालणारीं पुष्कळ जुनीं सीएनसी यंत्रें आपला कार्यक्रम ‘आरएस-२३२’ नांवाच्या नऊ वा पंचवीस खिळ्यांच्या जोडणींतून घेतात. नव्या लॅपटॉपाला ती जोडणी नसते. यूएसबीवरून तसें रूपांतर करणारी एक केबल मिळते, पण तिच्यांतहि हलक्या दर्जाच्या प्रति फार. आपल्या मशिनवर चालवून पाहिल्याशिवाय ती घेऊं नये. कांहीं सॉफ्टवेअरांचा परवाना यूएसबीच्या चावीच्या रूपानें असतो. चावी, माऊस, केबल आणि पेन-ड्राइव्ह अशीं चार भोंकें हवींत आणि सुबक लॅपटॉपला दोनच असतात, ही तक्रार नित्याची आहे.

अ‍ॅपलच्या यंत्रांविषयीं तरुणांना ओढ असते आणि तीं यंत्रें उत्तम आहेत ह्यांत संशय नाहीं. ऑटोकॅडची मॅकसाठीं स्वतंत्र आवृत्ति आहे. पण सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, रेव्हिट व कॅटिया हीं विंडोजचीं अपत्यें. आणि २०२० पासून अ‍ॅपलनें स्वतःच्या चिपा वापरण्यास आरंभ केल्यावर त्या यंत्रांवर पूर्वींप्रमाणें थेट विंडोज बसविण्याची वाटहि बंद झाली. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपहि दुकानांत दिसतात. त्यांची बॅटरी दीर्घकाळ टिकते, परंतु डिझाइनचीं बहुतेक सॉफ्टवेअरें ज्या जातीच्या प्रोसेसरसाठीं लिहिलेलीं आहेत ती जात त्यांची नव्हे. सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनीं लेखी पाठिंबा दिलेला नसेल, तर त्या वाटेला जाऊं नये.

ज्याच्या गांठीं पैसा थोडा आहे त्याला जुन्या बाजाराचा आधार असतो. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनीं आपलीं वर्कस्टेशनें काढून टाकतात. डेलचीं ‘प्रिसिजन’, एचपीचीं ‘झेडबुक’, लेनोव्होचीं ‘थिंकपॅड-पी’ हीं यंत्रें तेथें निम्म्याहूनहि कमी किमतीला सांपडूं शकतात, आणि तीं टिकाऊ असतात. सौदा मोहाचा आहे, पण एक अट विसरूं नये. विंडोज १० ची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ ला इंटेलची सामान्यतः आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. सहाव्या-सातव्या पिढीचें वर्कस्टेशन कितीहि भारदस्त दिसलें तरी तें निवृत्तीच्या दारांत उभें आहे. शिवाय जुन्या यंत्राची बॅटरी फुगली आहे काय, बिजागऱ्या सैल आहेत काय आणि कार्डाचा पंखा खरखरतो काय, हें कान देऊन पाहावें.

सॉफ्टवेअरचा खर्चहि ह्याच हिशेबांत धरला पाहिजे. परवान्यावांचून मिळालेली प्रत फुकट वाटते. पण तींतून शिरलेला उपद्रव ग्राहकाच्या फाइलींपर्यंत पोंचला, तर जाणारें नांव यंत्राचें नसून माणसाचें असतें. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कचीं सॉफ्टवेअरें शिक्षणापुरतीं विनामूल्य मिळतात. त्यांवर धंद्याचें काम मात्र करतां येत नाहीं. ‘फ्रीकॅड’ हें सर्वांना मोकळें असलेलें सॉफ्टवेअर २०२४ च्या नोव्हेंबरांत १.० ह्या आवृत्तीपर्यंत पोंचलें. सुटे भाग, कंस, फिक्स्चर अशा कामाला तें पुष्कळ पुरें पडतें आणि त्याला यंत्रहि साधें चालतें.

खरेदी कारखान्याच्या नांवानें असेल तर बिलावर कारखान्याचें नांव आणि जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. लॅपटॉपवरील १८ टक्के कराची वजावट धंद्याच्या खरेदीवर मिळते, आणि मालकाच्या खासगी नांवाच्या बिलावर ती जाते. वॉरंटी घेतांना माणूस दुरुस्तीला जागेवर येतो, कीं यंत्र घेऊन केंद्रांत जावें लागतें, आणि तें केंद्र नाशिकांत आहे कीं पुण्याला, हें स्पष्ट विचारावें. ज्याचें पोट त्या पेटीवर आहे त्याला पंधरा दिवसांची दुरुस्ती म्हणजे पंधरा दिवसांची बेकारी. जागेवरच्या सेवेसाठीं दिलेले चार पैसे त्याला महाग पडत नाहींत.

शेवटची परीक्षा दुकानांत नव्हे, घरीं करावयाची. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे हें बिल करण्यापूर्वींच ठरवून घ्यावें. यंत्र घरीं आणल्यावर आपल्या हातून झालेलें सर्वांत मोठें काम पेन-ड्राइव्हवरून त्यांत घालावें, दुपारची उन्हाची वेळ निवडावी, पंखा नेहमींच्याच वेगावर ठेवावा आणि अडॅप्टर जोडलेला असावा. जुळणी उघडायला किती सेकंद लागले तें लिहावें. पायाचें एक माप बदलून आकृति पुन्हां घडायला किती वेळ लागला तेंहि लिहावें. मग अर्धा तास सतत काम लावून ठेवावें, आणि तेंच माप पुन्हां बदलून पाहावें. दुसरा आंकडा पहिल्याच्या जवळपास राहिला तर ठीक. तो दीडपट-दुप्पट झाला, तर पेटी निमूटपणें खोक्यांत घालून दुकानांत परत न्यावी. म्हणून तोंपर्यंत खोकें, थर्मोकोल आणि पावती कोणी रद्दींत टाकणार नाहीं, एवढी ताकीद घरांत देऊन ठेवावी.